तारीखबाईंच्या दोन तारखा

तारीखबाईंना हॉस्पिटलात कुणी त्यांच्या नावानं हाक मारत नसे. करावं तसं भरावं म्हणतात ते हेच. सगळ्या जगाला दिवसातून शंभरदा 'पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा' म्हणणाऱ्या या बाईंचं स्वतःचं पूर्ण नाव फक्त हजेरीपटावर शिल्लक राहिलं होतं. बाकी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत त्या तारीखबाई. सफाईवाल्या मावशी तर त्यांच्या नवऱ्यालाही तारीखसाहेब म्हणत, आणि तो बापडा ओ देत असे.

बाई मूळच्या नर्स, पण गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे कुठलाच वॉर्ड नव्हता. त्यांच्याकडे होती सत्तर पावलं. डॉक्टर रक्त लिहून देतात, रक्तपेढी पिशवी देते, वॉर्डातली सिस्टर ती चढवते. पण रक्तपेढीच्या खिडकीपासून रुग्णाच्या दंडापर्यंतची जी वाट आहे, तिथं ही पिशवी याचीच ना, हे बघणारं कुणीतरी लागतं. त्या वाटेच्या बाई मालकीण. पिशवी लिहिणाऱ्या डॉक्टरला 'ही दुसरी कशाला?' असं विचारायचा हक्कही त्यांना होता, आणि तो त्या इतक्या मनापासून बजावत की दोन डॉक्टर त्यांना पाहून जिना बदलत.

त्यांचा पहिला नियम असा, की रुग्णाला 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही. आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. एका कानानं कमी ऐकणाऱ्या आजोबांनी एका सकाळी तीन वेगवेगळ्या नावांना हो म्हटलं होतं. चौथं विचारलं ते त्यांचं निघालं, आणि त्याला मात्र ते नाही म्हणाले. तेव्हा नाव त्यानंच सांगायचं, तारीख त्यानंच सांगायची, आणि ती मनगटावरच्या पट्टीशी आणि पिशवीवरच्या चिठ्ठीशी अक्षरन् अक्षर जुळली तरच पुढं. नाही जुळली तर थांबायचं. मग समोर हॉस्पिटलचा मालक का झोपलेला असेना.

ही सवय बाईंच्या हाडीमासी इतकी खिळली की ती घरीही आली. नवऱ्यानं फोनवर 'मी बोलतोय' म्हटलं की या विचारत, 'मी कोण?' तो सांगे, 'सत्तावीस वर्षांपासूनचा तुझा नवरा.' बाई हसत, पण खरं सांगायचं तर आवाज ओळखला तरी त्यांना ते पुरेसं वाटत नसे.

या सगळ्या साम्राज्यात त्यांना एकच माणूस पुरून उरलं होतं, आणि ते म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर. तीस वर्षांची नोकरी, आवाज घंटेसारखा, आणि वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाच्या सुनेपर्यंत ओळख. सात वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना नाव न विचारता पिशवी लावताना धरलं होतं.

"अहो, आठ दिवस ही बाई माझ्याकडे आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. "तिच्या घरचं भांडण मला पाठ आहे, आणि तिला नाव विचारू? मला वेड लागलंय असं म्हणेल ती."

"ओळखता म्हणूनच चुकाल," बाई म्हणाल्या होत्या. तेवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण बाईंनी त्यांना नव्या मुलींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवून पुन्हा ट्रेनिंग दिलं, परीक्षा घेतली, आणि वर त्यांचंच वाक्य मोठ्या अक्षरात छापून वॉर्डाच्या भिंतीवर लावलं: 'मी ओळखते त्यांना.' त्यावर लाल फुली. मोठ्या सिस्टर सात वर्षं त्या फुलीखालून ये-जा करत होत्या. बोलत काही नव्हत्या. बाईंना वाटलं, राग निवळला.

अशा या बाईंना गेल्या वर्षी जिना चढताना दम लागायला लागला. पहिले दोन महिने त्यांनी जिन्याला दोष दिला. पायऱ्या उंच आहेत अशी तक्रार लिहायचंही त्यांच्या मनात होतं. मग दोष वयाला दिला, मग बुटांना. पाळी दर महिन्याला पंधरा-पंधरा दिवस चालू राहत होती, त्याचा आणि दमाचा काही संबंध असेल हे दुसऱ्या कुठल्या बाईच्या बाबतीत त्यांनी दारातूनच ओळखलं असतं. शेवटी एके दिवशी व्याख्यान देता देता त्या खुर्चीवर बसल्या त्या उठेचनात. विषय होता: रक्त कमी झाल्याची लक्षणं. वर्गातल्या मुलींना वाटलं, बाई करून दाखवतायत. एकीनं टाळ्याही वाजवल्या.

हिमोग्लोबिन निघालं सहा पॉइंट चार. गर्भाशयात गाठी.

"काढावं लागेल," सर्जनबाई म्हणाल्या. "गुरुवारी करते. शुक्रवारी मी दीड महिन्याच्या रजेवर जातेय, आणि तुमची ही तब्येत दीड महिना थांबणार नाही. आधी दोन पिशव्या रक्त."

"लोहाचं इंजेक्शन देऊन बघितलं तर?" बाईंनी सवयीनं विचारलं. "उगाच पिशव्या कशाला?"

सर्जनबाईंनी टेबलावरचं एक पत्रक त्यांच्यासमोर सरकवलं. "सातच्या खाली असेल आणि दम लागत असेल तर वाट बघत बसू नये. हे लिहिलंय कुणी?"

खाली बाईंचीच सही होती. त्या मुकाट्यानं भरती झाल्या. वॉर्ड मिळाला दुसऱ्या मजल्यावरचा. पलंग मिळाला बरोबर लाल फुलीच्या समोर.

मंगळवारी दुपारी तीन वाजता पहिली पिशवी आली. नवरा डबा आणायला घरी गेला होता आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बाईंची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई बसली होती. आजारी लेकीच्या उशाशी बसलं की आया तिच्या जन्मापासून सुरुवात करतात. आईही करत होती. कळा कधी सुरू झाल्या, कोण धावत गेलं, थंडी किती होती, आणि अकरा नोव्हेंबरची पहाट कशी उजाडता उजाडेना. बाई अशक्तपणानं डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना ते बरंही वाटत होतं.

"पूर्ण नाव सांगा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सोबत दुसरी सिस्टर कागद घेऊन उभी होती.

बाईंनी सांगितलं. 

"जन्मतारीख?"

"अकरा नोव्हेंबर," बाई म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांचा हात थांबला. त्यांनी पट्टी वाचली. मग पिशवी वाचली. मग पुन्हा पट्टी वाचली, सावकाश, जेवणानंतरची सुपारी चघळावी तशी.

"पुन्हा सांगा."

आता बाईंचे डोळे खाडकन उघडले. "एक जून. एक जून म्हणायचं होतं मला."

"आधी अकरा नोव्हेंबर म्हणालात."

"चुकून हो. आई आत्ता माझ्या जन्माचंच सांगत होती, ते तोंडात आलं. पट्टीवर एक जून आहे, पिशवीवर एक जून आहे, मीही एक जून म्हणतेय. लावा."

"पट्टी बघून कुणीही एक जून म्हणेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "रुग्णानं एकदा एक आणि मग दुसरंच सांगितलं, तर काय करायचं?"

बाईंनी अंगावरची चादर नीट केली.

"परीक्षेत सातवा प्रश्न होता," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला त्याचे दोन मार्क कापले होते तुम्ही."

"थांबायचं," बाई पुटपुटल्या.

"बरोबर." त्यांनी पिशवी परत डब्यात ठेवली.

रक्तपेढीच्या फ्रीजमधून निघालेली पिशवी अर्ध्या तासात लावली नाही तर परत पाठवावी लागते. त्यातली बारा मिनिटं गेली होती. भिंतीवरचं घड्याळ बाईंनीच भांडून लावून घेतलं होतं. आता त्याचा काटा त्यांच्या छातीत टोचत होता. आजची पिशवी गेली तर उद्याची मागं जाणार, उद्याची गेली तर गुरुवार जाणार, आणि गुरुवार गेला तर पुढचा दीड महिना जिन्याखालीच काढावा लागणार. तोही निघाला तर. आणि तोंडून ते वाक्य गेलंच.

"अहो मोठ्या सिस्टर, अकरा वर्षं एकत्र काम करतोय आपण. मला ओळखत नाही का तुम्ही?"

शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी संत्रं सोलायचं थांबवलं. मोठ्या सिस्टरांनी फक्त मान वळवून भिंतीवरच्या लाल फुलीकडे पाहिलं. सात वर्षांचं व्याज त्या एका नजरेत वसूल झालं.

बाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि पलंगासकट आपण आत जावं. पण खाली पहिला मजला निघाला असता, आणि तिथंही सगळे ओळखीचेच.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. "खरी तारीख अकराच आहे. मी होते ना तिथं."

दुसऱ्या सिस्टरला हसू फुटलं. मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. स्टुलाजवळ वाकून म्हणाल्या, "आजी, मग कागदावर जून कसा आला?"

"शाळेत घालताना वयाला पाच महिने कमी पडत होते. हेडमास्तर म्हणाले, काळजी करू नका, आणि लेखणीच्या एका फटकाऱ्यात पाच महिने वाढवून दिले. चांगला माणूस होता."

"झालं ना समाधान?" बाई घाईनं म्हणाल्या. "आता लावा. दहा मिनिटं आहेत अजून."

पण मोठ्या सिस्टर तीस वर्षं माणसांच्या घरच्या गोष्टी ऐकत आल्या होत्या. एका माणसाच्या दोन तारखा असल्या तर दोन फायलीही असू शकतात, हे त्यांना ट्रेनिंगशिवाय कळत होतं. "आजी, हिला याआधी कधी रक्त दिलं होतं?"

"नाही," बाईच म्हणाल्या. "फॉर्मात लिहिलंय मी तसं."

"दिलंय की," आई म्हणाली. "नात झाली तेव्हा. याच हॉस्पिटलात. एक बाटली."

"आई, ते सलाईन होतं."

"लाल सलाईन असतं का गं?"

तेव्हा बाई पंचविशीच्या होत्या, नर्स नव्हत्या, आणि दीड दिवस शुद्धीतही नव्हत्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तू नर्सिंगला जायला लागलीस त्या वर्षीच सांगितलं. तू म्हणालीस, आई, तुला रक्त आणि सलाईन यातला फरक कळत नाही. मी म्हटलं, शिकलेली पोर आहे, असेल." आई आता रंगात आली होती. "मग दहा दिवसांनी पिवळीधमक पडलीस. परत आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि एक कार्ड दिलं, म्हणाले हे जपून ठेवा, पुन्हा रक्त द्यायची वेळ आली तर दाखवा."

"ती कावीळ होती," बाई म्हणाल्या, पण आवाजात दम उरला नव्हता.

"कावीळ तू म्हणतेस."

"आजी, कार्ड कुठं आहे?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"डब्यात होतं. घर बदललं तेव्हा हीच म्हणाली, आई, काय रद्दी साठवलीस, आणि दिलं फेकून."

दर सोमवारी अकरा ते बारा तारीखबाई रुग्णांना एक व्याख्यान देत. विषय: रक्ताचं कार्ड जिवापाड कसं जपावं. त्यात एक विनोदही होता, निष्काळजी माणसांवर. तो बाईंना आता आठवला आणि अजिबात आवडला नाही.

"आणि तेव्हा नाव कुठलं लिहिलं होतंत?" मोठ्या सिस्टरांनी शेवटचं विचारलं.

"फॉर्म मीच भरला. माझी लेक, माझं आडनाव लिहिलं. तारीख अकरा नोव्हेंबर. मला जून पाठ नाही."

मोठ्या सिस्टरांनी पिशवी परत पाठवली आणि रक्तपेढीला फोन लावला.

वीस मिनिटांनी रक्तपेढीतले तंत्रज्ञ काका स्वतः वर आले. हा माणूस खिडकी सोडून कुठं जात नसे. त्यांच्या हातात एक कागद होता.

"सापडलं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांपूर्वीची नोंद. माहेरचं नाव, अकरा नोव्हेंबर. बाई, त्या बाटलीनंतर तुमच्या अंगात एक अँटिबॉडी तयार झाली होती."

हे काय ते बाईंना कुणी समजावायला नको होतं; इतरांना त्याच समजावत. आईनं विचारलं तेव्हा काकांनीच सोपं करून सांगितलं. परक्या रक्तावरच्या एका खुणेशी शरीर वैर धरतं. वर्षं गेली की ते वैर झोपी जातं, इतकं गाढ की आजच्या तपासणीत दिसतही नाही. तेच रक्त पुन्हा आलं की मात्र जागं होतं आणि आठवडाभरात नवं रक्त सगळं फोडून टाकतं. माणूस पिवळं पडतं, मूत्रपिंडं बंद पडतात, आणि ऑपरेशन झालेलं असलं तर जिवावरच बेततं.

"आणि आजच्या पिशव्या?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"दोन्हींत ती खूण आहे. आत्ताच बघितलं."

आईनं लेकीचा हात धरला.

काका मात्र जाईनात. कागदाची घडी करत, उलगडत उभे राहिले. "बाई, एक सांगू? रागावू नका."

"सांगा. आज राग शिल्लक नाही."

"आठ वर्षांपूर्वी तुम्हीच हट्ट धरून जुन्या वह्यांतल्या बारा हजार नोंदी कंप्युटरवर घ्यायला लावल्या, आम्ही तुम्हाला काय काय म्हणालो, आठवतंय? तेव्हा केलं म्हणून आज ही सापडली. पण प्रत्येक नोंद वहीशी ताडून सही तुम्ही करत होता." त्यांनी कागद पुढं केला. "ही सही तुमची आहे."

बाईंनी पाहिलं. सहीच होती. शेजारी बरोबरची खूण, ठसठशीत. दिवसाला दोनशे नोंदी, डबा खाता खाता. वहीचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला की खूण. नावं कोण वाचतंय. जगाला 'आधी नाव' शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचं माहेरचं नाव आणि स्वतःची खरी जन्मतारीख डोळ्यांखालून घातली होती, खाली सही केली होती, आणि पुढचा घास घेतला होता.

"मीच ओळखलं नाही मला," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू यायला लागलं. अशक्त माणसाचं हसू. त्यात दम लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि ते कुठलं पाणी ते विचारायचं नसतं. मोठ्या सिस्टरांनी उशी सरळ करून दिली.

"माझ्याकडे तुमच्या गटाच्या अजून तीन आहेत," काका म्हणाले. "साधारण चारांतली एखादी चालते. रात्रीत तपासतो, नाही निघाल्या तर दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन करतो. उद्या दुपारपर्यंत दोन काढतो."

"नाही निघाल्या तर?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न रुग्ण विचारतात, आणि त्या नेहमी म्हणत, धीर धरा. काकांनाही तेच म्हणावं लागलं, आणि ते ऐकायला किती निरुपयोगी असतं हे बाईंना कळलं.

ती संध्याकाळ बाईंनी फॉर्म भरण्यात घालवली. रक्ताच्या वाटेवर कुठलीही चूक घडली की भरायचा तो फॉर्म. त्यातला 'कुणामुळे' हा रकाना त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी काढून टाकला होता, माणसं घाबरून लपवतात म्हणून. आपला तो निर्णय किती उदार होता, याची खात्री त्यांना आज पटली. त्यांनी चार ओळी लिहून मोठ्या सिस्टरांकडे दिल्या.

मोठ्या सिस्टरांनी वाचल्या आणि परत दिल्या. "'कसं घडलं' हा रकाना आहे अजून. सविस्तर लिहा. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला."

हेही बाईंचंच वाक्य होतं. त्यांनी हेडमास्तरांपासून डब्यापर्यंत सगळं लिहिलं. मागची बाजूही पुरली नाही.

बुधवारी सकाळ गेली. जेवणाच्या गाड्या आल्या आणि गेल्या. नवरा स्टुलावर बसून पेपर वाचत होता, म्हणजे अर्धा तास एकच पान धरून होता. एक पिशवी खालीच निघाली होती. दुसरी शहराच्या पलीकडून यायची होती. दोन वाजून दहा मिनिटांनी मोठ्या सिस्टर डबा घेऊन आत आल्या.

"दोन्ही मिळाल्या," त्या म्हणाल्या. "एक ही, दुसरी खाली फ्रीजमध्ये. पूर्ण नाव सांगा."

बाईंनी सांगितलं.

"जन्मतारीख?"

आईनं तोंड उघडलं. "आजी, तुम्ही नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आज ह्यांनाच बोलू द्या."

"एक जून," बाई म्हणाल्या. 

मोठ्या सिस्टर वाचत राहिल्या. पट्टी, पिशवी, कागद, पुन्हा पट्टी. एकेक आकडा मोठ्यानं, दुसरी सिस्टर तो पुन्हा म्हणतेय. अकरा वर्षं वॉर्डावॉर्डातून बाईंना ऐकावं लागलं होतं, तुमच्या या पाढ्यांत वेळ जातो. उशीवरून ऐकताना तो पाढा त्यांना लवकर संपू नये असं वाटत होतं.

थेंब सुरू झाले.

"थंडी वाजली, खाज सुटली, कंबरेत दुखलं, नुसतं कसंतरी वाटलं, तरी लगेच सांगा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मीच लिहिलंय ते."

"माहीत आहे. तुमच्यावर विसंबून चालत नाही, म्हणून सांगते."

पहिली पंधरा मिनिटं त्या पलंगापासून हलल्या नाहीत. नियमच होता तसा. पण नियमात खुर्ची ओढून बसायचं, आणि भिंतीकडे बघत 'ती फुली आता राहू दे, मला सवय झालीय' असं म्हणायचं काही लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. सर्जनबाई ठरल्याप्रमाणे रजेवर गेल्या. आठवडाभर सगळे बाईंच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधत होते. तो काही आला नाही. घरी सोडायच्या दिवशी तंत्रज्ञ काका नवं कार्ड घेऊन वर आले. पिवळं, कडक, दोन्ही नावं, दोन्ही तारखा आणि त्या अँटिबॉडीचं नाव लिहिलेलं. बाईंनी ते वाचलं, या खेपेला नावापासून, आणि पर्स उघडली.

तेवढ्यात शेजारून एक सुरकुतलेला हात आला आणि कार्ड घेऊन गेला.

"माझ्याकडे राहू दे," आई म्हणाली. "तू टाकशील."